केशराचं कपाट

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या निम्म्याअधिक टॉवेल कारखान्यांत बुद्धप्रियाच्या हातची वायरिंग होती आणि एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं. अकरा वर्षं तिनं दुसऱ्याच्या लायसनवर काम केलं. भिंत फोडायची तिनं, पाइप टाकायचा तिनं, सही करायची ठेकेदारानं. जानेवारीत तिचं स्वतःचं लायसन आलं. ते तिनं फ्रेम केलं नाही, प्लास्टिकच्या पाकिटात घालून पिशवीत ठेवलं. मालक लोक कागद बघायला मागतात, फ्रेम नाही.

पण मालक आणखी एक प्रश्न विचारतात. "आधी कुठलं युनिट केलंय?" या प्रश्नावर पाच महिने तिचं घोडं अडलं होतं. पंखे बसवले, मोटारी जोडल्या, एका दवाखान्याचा इन्व्हर्टर नीट केला. अख्खं युनिट एकही नाही. एक जरी मिळालं, तरी पुढची दहा दारं उघडणार होती, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यामुळं टॉवेल कारखानदार शिवलिंगप्पांच्या मुलाचा, राजशेखरचा फोन आला तेव्हा ती जेवणावरून उठून बाहेर आली.

"आमचे साठ माग आहेत, ताई. सगळे जुने दिवे काढून एलईडी करायचेत. तुमचं नाव ऐकलंय. पण आधी एक छोटं काम करून दाखवा. तेवढं जमलं तर युनिट तुमचं."

छोटं काम म्हणजे एक कपाट. पहिल्या मजल्यावर टॉवेलचे नमुने ठेवायची खोली होती. तिथं नमुन्यांच्या कपाटासारखंच दिसणारं, पण आतून झाडं वाढवायला दिवे आणि पंखे असलेलं कपाट राजशेखरला हवं होतं. उजेडाची चीर दिसता कामा नये. पंख्याचा आवाज खोलीत येता कामा नये. आणि वास अजिबात बाहेर पडता कामा नये, त्यासाठी कोळशाचा फिल्टर बसवायचा.

"काय लावणार?" तिनं विचारलं.

"केशर. आजकाल लोक खोलीत केशर करतात, पाहिलं असेल तुम्ही मोबाइलवर."

तिनं पाहिलं होतं. "मग एवढं लपवायचं कशाला?"

"अप्पांसाठी हो," राजशेखर हसला. "ते म्हणतील, टॉवेल विणायचे सोडून कुंडीत शेती करतोय. पहिली फुलं आली की मीच त्यांच्या हातात ठेवीन."

शिवलिंगप्पांना एमआयडीसीत सगळेच ओळखत. सत्तरीचा माणूस, रोज सकाळी नऊला येऊन फाटकावरची वही स्वतः तपासणारा. अशा बापापासून मुलानं काहीतरी लपवणं बुद्धप्रियाला पटलं.

कपाट तिचा नवरा दिपक करणार होता. तो सुतार. दोघांचं काम एकत्र पहिल्यांदाच येत होतं, त्यामुळं तो खुशीत होता. माप घेताना मात्र म्हणाला, "प्रिया, एक कळत नाही. केशराच्या वासासाठी लोक डबीभर केशर जपून ठेवतात. आणि हा माणूस तो वास कोंडायला कोळसा लावतोय?"

"गिऱ्हाईक सांगेल ते करायचं."

"करतो की. मी आपलं विचारलं."

"तू फळीला विचार, सरळ आहे का म्हणून."

दिपक हसला आणि विषय तिथंच संपला. पुढं या एका वाक्यासाठी तिनं स्वतःला पुष्कळ बोल लावला.

काम तिनं जीव ओतून केलं. खाली साठ माग धडधडत असले की वरच्या खोलीतल्या खुर्च्यासुद्धा महिन्याभरात खिळखिळ्या होतात. म्हणून तिनं एकही स्क्रू साधा लावला नाही, प्रत्येकाखाली स्प्रिंगची चकती घातली. सुताची लव हवेत तरंगत असते, पंख्यावर बसली की पंखा चार दिवसांत जाम. म्हणून हवा आत येण्याच्या भोकावर तिनं निघून धुता येईल अशी जाळी बसवली. दाराच्या कडेला काळी रबरी पट्टी लावली आणि उजेड कुठं फुटतो का हे बघायला खोलीच्या खिडक्या बंद करून दिपकला बाहेर उभं केलं. स्वतः आत उकिडवी बसली.

"दिसतंय का?" आतून तिनं विचारलं.

"काहीच दिसत नाही."

"नीट बघ. खाली डाव्या कोपऱ्यात?"

"बायको दिसत नाही, आवाज तेवढा येतोय. असलं एक कपाट घरी पण करू या का?"

"दार उघड आधी."

तीन दिवस चालवून बघितल्याशिवाय ती कुठलंच काम ताब्यात देत नसे. ठेकेदाराकडं असतानाही तिनं हा नियम सोडला नव्हता, त्यावरून टोमणे खाल्ले होते. कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक राजशेखरनं घेतली, दुसरी तीन दिवस तिच्याकडं राहणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तापमान बघायला आली. खोलीत तानाबाई झाडत होती. सांगोल्याकडची बाई, नवऱ्यामागं सोलापुरात आलेली, या युनिटात चौदा वर्षं झाडलोट करणारी. वरच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असे.

बुद्धप्रियानं कपाट उघडलं. काल रिकामं असलेल्या कपाटात आज सात कुंड्या होत्या. हातभर उंचीची रोपं, लांब बोटांसारखी कातरलेली पानं. केशराचं झाड तिनं कधी पाहिलं नव्हतं. असंच असेल म्हणून तिनं तापमानाचा आकडा वहीत लिहायला घेतला.

मागून तानाबाई डोकावली. "अगं बया! अंबाडी?"

"केशर आहे ते, मावशी."

"केसर? आगं, आमच्या रानात बांधाबांधानं ही असती. धाकट्या मालकाला अंबाडीची भाजी आवडती व्हय? मग मला सांगायचं की, मंडईतनं जुडी आनली असती. ह्यो बाबा पंखा लावून, दिवं लावून अंबाडी खातोय!"

"हात लावू नका, मावशी."

तोवर तानाबाईनं शेंड्याचं एक पान खुडून तोंडात टाकलंही होतं. अंबाडी दिसली की पान चावून बघायचं, आंबटपणा किती आहे यावर भाजीत डाळ किती घालायची ते ठरवायचं, ही तिची जन्माची सवय. तिनं दोनदा चावलं आणि थांबली.

"आंबट न्हाय की गं."

"मी म्हटलं ना, केशर आहे."

तानाबाईनं पान पदरात थुंकलं. बोटं नाकाशी नेली. मग कपाटात वाकून तिनं पुन्हा एकदा खोल वास घेतला, आणि तिचा चेहरा बदलला.

"प्रियाबाई, ह्ये केसर न्हाय आन् अंबाडी बी न्हाय. माळशिरसला माजी नणंद दिलीया. तिच्या शेजाऱ्यानं उसात असली झाडं लावली हुती. पोलीस आलं, झाडं उपटली, गाडीत घातली. तवा सगळ्या वस्तीवर ह्योच वास हुता." तिनं आवाज खाली आणला. "गांजा हाय ह्यो."

खाली माग धडधडत होते. बुद्धप्रियानं वही मिटली.

"आन् ह्या खोलीची किल्ली माज्या कमरंला हाय," तानाबाई म्हणाली. "पोलीस आलं तर पयलं कुनाला विचारतील?"

बुद्धप्रियानं कपाटाला कुलूप लावलं आणि तिथल्याच स्टुलावर बसली. उजेड नको, आवाज नको, वास नको. तीन अटी तिच्यासमोर होत्या, तिन्हींचं उत्तर एकच होतं, आणि दिपकनं ते फळी मोजताना जवळपास तोंडावर सांगितलं होतं. तिनं विचारलं नव्हतं, कारण साठ माग हवे होते. हे तिनं स्वतःशी कबूल केलं. मग पुढचा विचार सुरू केला.

काम गुपचूप ताब्यात द्यायचं, तर ते तिच्या हातचं काम म्हणून इथं राहणार. नुसतं सोडून जायचं, तरी तेच. पोलिसांना फोन करायचा, तर आधी सापडणार तानाबाई. एकच वाट होती. जे आपण लावलं ते आपण काढून न्यायचं, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर.

ती उठली आणि शेजारच्या केबिनमध्ये राजशेखरकडं गेली.

"तुमची रोपं बाहेर काढा. मी कपाट परत नेतेय."

राजशेखरनं फोन खाली ठेवला. तो चिडला नाही. "बसा, ताई. सात रोपं आहेत, सातशे नाहीत. माझ्यापुरती. विकायला नाहीत."

"मला केशर का सांगितलंत?"

"गांजा सांगितलं असतं तर केलं असतंत?"

"नाही."

"म्हणून." तो असं हसला की जणू हिशेब चुकता झाला. मग त्यानं खणातून एक कागद काढून तिच्याकडं सरकवला. युनिटच्या लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र. साठ मागांच्या प्रकाशयोजनेचं संपूर्ण काम, आणि खाली तिचं पूर्ण नाव. तिचं नाव इतक्या व्यवस्थित टाइप केलेलं तिनं याआधी फक्त लायसनवर पाहिलं होतं. "उद्या तुमचे तीन दिवस संपतात. तुम्ही किल्ली द्या, मी सही करून हे देतो."

तिनं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि परत सरकवलं.

"कपाट नेतेय मी."

"कसं नेणार?" आता त्याचा आवाज जरा कडक झाला. "इथून खिळासुद्धा गेटपासशिवाय बाहेर जात नाही. पासवर अप्पांची सही लागते आणि कारणाचा रकाना भरावा लागतो. काय लिहिणार तुम्ही? तुम्हीच केलंय ते. दिपकभाऊंनी रंधा मारलाय. जरा थंड डोक्यानं विचार करा."

"केलाय," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी तिनं दिपकला सगळं सांगितलं. तो खडूच्या तुकड्यानं फरशीवर रेघा मारू लागला.

"मी म्हणालो होतो, कोळसा..."

"म्हणाला होतास. ऐकलं नाही मी."

"तसं नाही गं. मी पण हसण्यावारी नेलं." त्यानं खडू ठेवला. "म्हाताऱ्याला सांगितलंस की काम गेलं समज. बाप मुलाचीच बाजू घेणार. आणि आपल्यावरच उलटला तर? की ह्यांनीच लावलं, ह्यांनीच आणलं?"

"उलटू शकतो."

"तरी?"

"तरी. तू टेम्पो सांग सकाळी नऊचा."

दिपकनं फोन उचलला. टेम्पोवाल्याला पत्ता सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, हे तिला बरं वाटलं.

सकाळी शिवलिंगप्पा आले, गल्ल्यावरच्या लिंगाला त्यांनी उदबत्ती ओवाळली आणि फाटकाची वही पुढ्यात ओढली. बुद्धप्रिया उभीच होती. तिनं वॉचमनकडून गेटपासचं पुस्तक मागून आणलं होतं आणि पास स्वतःच्या अक्षरात भरला होता. तो तिनं त्यांच्यासमोर ठेवला.

शिवलिंगप्पांनी चष्मा चढवला. ओठ हलवत वाचलं. "लाकडी कपाट एक. एलईडी दिवे एक संच. पंखे दोन. कोळशाचा फिल्टर एक. कारण..." ते थांबले. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं आणि पुन्हा तिथंच थांबले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: आत गांजाची रोपं लावल्यामुळे काम परत.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, अप्पा."

"कुठं आहे हे कपाट?"

"वर, नमुन्यांच्या खोलीत."

"खोटं निघालं तर?"

"तर पासवर माझी सही आहे खाली."

म्हातारा जिना चढला. गुडघे धरून, दर चार पायऱ्यांवर थांबत. मागं बुद्धप्रिया, तिच्यामागं झाडू घेतलेली तानाबाई. खालच्या गलबल्यात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. राजशेखर खोलीच्या दारात आला आणि बापाला बघून तिथंच खिळला.

"अप्पा, तुम्ही कशाला वर..."

"उघड."

राजशेखरनं बुद्धप्रियाकडं पाहिलं. तिनं आपली किल्ली पुढं केली नाही. शेवटी त्यानंच खिशातून काढली.

दार उघडलं तसा पांढरा लख्ख उजेड म्हाताऱ्याच्या धोतरावर पडला. ते क्षणभर कपाटच बघत राहिले. मग एक पान दोन बोटांत चुरगाळून त्यांनी नाकाला लावलं.

"केशर आहे, अप्पा," राजशेखर म्हणाला. "काश्मीरमधून मागवलेलं..."

"यप्पा," शिवलिंगप्पा अगदी हळू म्हणाले, "लहानपणी गावच्या जत्रेत मी गोसाव्यांना चिलमी भरून दिल्यात. मला केशर शिकवतोस?"

राजशेखरनं कपाटाचं दार लोटायला हात पुढं केला.

"उपट."

"अप्पा, कामगार बघतील..."

"उपट म्हणालो."

राजशेखरनं एकेक करून सात रोपं उपटली. माती त्याच्या बुटांवर सांडली. सातवं रोप हातात घेऊन तो विचारत्या नजरेनं उभा राहिला.

"खाली भट्टीत टाक," शिवलिंगप्पा म्हणाले.

"भट्टीत नगं, अप्पा," तानाबाई न राहवून बोलली. "धूर झाला तर सगळी एमआयडीसी डुलंल."

कुणी हसलं नाही. पण म्हाताऱ्याला ते पटलं. "मागं रंगखात्यात ने. काळ्या रंगाची टाकी उकळतेय, तीत बुडव. स्वतः ने. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही."

राजशेखर रोपं नमुन्याच्या टॉवेलात गुंडाळून खाली गेला. बुद्धप्रियानं कपाटाचा पुरवठा तोडला, तारांची टोकं टेपनं बांधली आणि बोर्डवर पूर्वी जसं होतं तसं झाकण बसवलं. म्हातारा स्टुलावर बसून हे सगळं बघत होता. काम संपल्यावर त्यांनी पास मांडीवर घेतला.

"कारण बदल," ते म्हणाले. "दुरुस्ती लिही. आजवर या फाटकातून असला शब्द बाहेर गेला नाही."

"दुरुस्तीला गेलेली वस्तू परत येते, अप्पा. ही परत येणार नाही."

"मग नापसंत लिही."

"काम नापसंत नाही झालं. तसं लिहिलं तर उद्या लोक म्हणतील, हिचं काम शिवलिंगप्पांनी नाकारलं. मी कुठं तोंड दाखवू?"

शिवलिंगप्पांनी तिच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. मग कपाटाच्या दाराची रबरी पट्टी नखानं ओढून बघितली, एक स्क्रू अंगठ्यानं हलवून बघितला. तो हलला नाही.

"एक सांग. खरं कळल्यावर तू गप्प बसली असतीस तर साठ मागांचं काम तुझं होतं. होतं ना?"

"पत्र टाइप झालं होतं."

"आणि आता?"

"आता तुम्ही सांगा."

"देणार नाही," ते म्हणाले. "काम तुझं चोख आहे. पण तू महिनाभर इथं दिसणार, आणि दिसलीस की मला पोराचा हात दिसणार, रोपं उपटताना. माझ्यानं व्हायचं नाही. तोंडावर सांगतो, मागं नाही."

तिनं पेन पुढं केलं. "ठीक आहे, अप्पा. पण पासवर सही करा. जसं लिहिलंय तसं."

त्यांनी सही केली. तीन प्रती होत्या. फाटकाची, ऑफिसची आणि माल नेणाऱ्या पार्टीची. ऑफिसची प्रत फाडून त्यांनी घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. "ही माझ्याजवळ राहील, ऑफिसात कुणाच्या नजरेला पडायला नको. पोराच्या लग्नाचं बघतोय." मग तानाबाईकडं वळून म्हणाले, "आणि तू. ती किल्ली इकडं दे. आजपासून ही खोली मी उघडणार, मी लावणार."

तानाबाईनं कमरेची किल्ली इतक्या झटक्यात सोडवली की ती खाली पडली.

कपाट दिपक आणि टेम्पोवाल्यानं मिळून उतरवलं. फाटकावर वॉचमननं पास वाचायला सुरुवात केली, कारणाच्या रकान्यापाशी त्याच्या भुवया वर गेल्या आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"मोजून घ्या," बुद्धप्रिया म्हणाली. "पंखे दोन, फिल्टर एक. दिव्यांचा संच उघडून बघा."

"अहो बाई, राहू दे."

"राहू दे नाही. कुंडी किंवा माती आत नाही, हेही बघा. आणि बघितलं म्हणून सही करा."

त्यानं बघितलं. सही केली. टेम्पो बाहेर पडला. मागच्या बाजूला कपाट आडवं पडलं होतं, त्यावर दिपकनं जुनी चादर टाकली होती. तो तिच्या शेजारी बसला होता.

"म्हाताऱ्यानं नाही म्हटलं?"

"नाही म्हटलं."

"मी म्हणालोच होतो."

"म्हणाला होतास."

टेम्पो शिवलिंगप्पांच्या भिंतीच्या कडेनं वळला. मागांचा आवाज मागं पडला आणि दुसऱ्या युनिटच्या मागांचा सुरू झाला. ठोका वेगळा होता, जरा घाईचा. बुद्धप्रियानं पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यातलं लायसन सरळ केलं आणि घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजत होते.

"भाऊ, इथं डावीकडं थांबवा जरा," ती टेम्पोवाल्याला म्हणाली.

"इथं कुठं?" दिपक म्हणाला.

"ह्या युनिटात अजून ट्यूबलाइटच आहेत. खिडकीतून दिसतात बघ, दोन तर लुकलुकतायत." ती खाली उतरली आणि ओढणी सरळ केली. "पाच मिनिटं. मालक आत असतील तर दहा."

"आणि विचारलं, आधी कुठलं युनिट केलंय म्हणून?"

"एकही नाही म्हणून सांगेन. मग त्यांच्या त्या दोन ट्यूब कशानं लुकलुकतायत ते सांगेन."

ती फाटकाकडं चालू लागली. वॉचमन खुर्चीतून उठायच्या आत तिनं त्याच्यासमोरची वही ओढून घेतली आणि नावाच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं.